बाजेपुरती सावली

माझ्या थोरल्या जाऊबाई राहीबाई. मी त्यांना आक्का म्हणते. नव्या घरात राहायला यायची त्यांची एकच अट होती.

"आंगणात माझी बाज मावंल येवढी सावली कर, मंग येते. उन्हात मी नाय बसायची."

हे त्या बोलल्या ते भर चैत्रात, दुपारी बारा वाजता, नव्या घराच्या पायरीवर उभ्या राहून. अंगणात तेव्हा सावली होती ती फक्त त्यांची स्वतःची, आणि तीही पायांखाली जमा झालेली. एवढं बोलून त्या वळल्या आणि उतारानं खाली आपल्या जुन्या घराकडे निघून गेल्या.

जुनं घर सावित्रीच्या काठाला. पोलादपूर सोडून महाडकडे निघालेली नदी आमच्या वाडीपाशी एक वळण घेते, आणि त्या वळणावर दर पावसाळ्यात काठाचा एक घास खाते. छप्पन सालच्या श्रावणात तर पाणी घरातच शिरलं. मी त्या दिवशी पोलादपुरात लेकीकडे होते. आक्का घरात एकट्या. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान हैबती, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि मूलबाळ नाही. त्या माळ्यावर चढून बसल्या. सोबतीला चार कोंबड्या आणि देव्हाऱ्यातले टाक. पाणी ओसरल्यावर आमचा गडी चांगू यानं शिडी लावली, तर त्यांनी आधी कोंबड्या खाली दिल्या, मग देव, मग आपण उतरल्या.

"आक्का, देवाच्या आधी कोंबड्या?" चांगूनं विचारलं.

"देव थांबत्यात रे. कोंबडी थांबती का?"

माझे यजमान रावजी मुंबईला राणीच्या बागेत माळी. ते बातमी ऐकून धावत आले, काठ बघितला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वर माळावर घर बांधलं. चार खोल्या, मंगळुरी कौलं, पुढे पडवी. सगळं झालं. फक्त झाड नव्हतं. तो माळच तसा, दोन हात खणलं की कातळ लागतो. यजमान सुट्टी संपवून मुंबईला गेले, आणि चार खोल्यांत मी एकटी राहिले. खाली आक्का एकट्या. दोघी दोन चुली पेटवायच्या आणि दोन्हीकडचा धूर एकाच आभाळात जायचा.

आक्कांच्या मागल्या दारापासून काठापर्यंतचं अंतर मी त्या वर्षी पावलांनी मोजलं. बावीस भरलं.

तेव्हा सावली हवी होती, आणि ती लवकर हवी होती. आंबा लावावा तर त्याच्या सावलीत बाज टाकायला आक्कांचं वय पुरलं नसतं. मी यजमानांना पत्र लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं, सोबत कागदात गुंडाळलेली तलवारीसारखी लांब काळी शेंग.

'गुलमोहर लाव. एकदम फर्स्टक्लास झाड. तीन वरसात छत्री होते. फूल असं येतं की इथं साहेब लोक मोटार थांबवून बघतात. बियाची साल टणक, म्हणून रात्रभर गरम पाण्यात ठेवणे. पाणी गरमच राहिलं पाहिजे, थंड झालं तर फुकट.'

रात्रभर पाणी गरम ठेवायला चुलीशी जागणार कोण? मी हे आक्कांना सांगितलं. त्या गुडघ्यांसाठी महिन्यातून एकदा सवच्या उन्हाळ्यावर जात. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचं कुंड. ते थंड होण्याचा प्रश्नच नाही. सहा बिया फडक्यात बांधून घेऊन गेल्या, दोन दिवस राहिल्या, आणि परत आल्यावर ती पुरचुंडी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "धर. माझं गुडघं नि तुझं बी, दोनी शिजवून आणलंय."

गुडघ्यांचं माहीत नाही, पण सहातल्या चार बिया उगवल्या.

इकडे महाडच्या बाजारात मी हातसडीचे तांदूळ द्यायला जात असे, त्यात चवदार तळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एक मास्तरीणबाई माझ्या नेहमीच्या. त्यांना मी मोठ्या हौसेनं गुलमोहराचं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"गुलमोहर? अहो येसूबाई, घराजवळ तो नको. त्याची मुळं वरवर पसरतात, तुमचा ओटा उचलतील. वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात. आणि शेंगांचा कचरा वर्षभर. त्यापेक्षा बूच लावा. कसा सरळ वाढतो, ऐटीत! पांढरी शुभ्र फुलं, खाली सडा पडतो, झाडावर चढायला नको. आणि वास म्हणाल तर घर भरून जातं."

"सावली?"

"सावली काय, सगळ्याच झाडांना असते," मास्तरीणबाई म्हणाल्या. पुढे मला हे वाक्य फार आठवलं.

त्यांच्या दारच्या बुचाच्या मुळातून कोंब फुटत. त्यातला एक त्यांनी मातीसकट गोणपाटात बांधून दिला. यष्टीत मी तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं हाफ तिकीट काढू का?"

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. आषाढात दोन्ही झाडं लावली. गुलमोहर पायरीसमोर, बूच गोठ्याच्या अंगाला. दोन्हीकडे कातळ फोडून खड्डे केले, नदीकाठची गाळाची माती पाट्यांनी वर आणली. आक्का काठीवर हात ठेवून बघत होत्या. "नदीनं माझी जमीन खाल्ली ती खाल्ली, उरलेली तू उचलून न्ये," त्या म्हणाल्या.

चार रोपांतली दोन शेळीनं खाल्ली, एक उंदरानं. उरलेल्या एकाला मी करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि जाहीर करून टाकलं की या दोन झाडांना कुणी कोयती लावली तर माझ्याशी गाठ आहे. चांगूला तर मी रोज बजावत असे. कारण आमच्याकडे माणसाच्या हातात कोयती आली आणि समोर झाड आलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. पौष-माघात डोंगरात जायचं, ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्या कवळीचे भारे वाहून आणायचे, भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, शेण-पाचोळ्यात अंथरायचे आणि उन्हाळ्यात भाजायचे. त्याशिवाय रोप धरत नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. ज्याला फळ नाही ते झाड कवळीचं, असा सरळ हिशेब. आमच्या डोंगरातले ऐन बघा, सगळे बोडके खांब आणि वर झुबका.

पुढची तीन वर्षं मी त्या दोन झाडांचं बाळंतपण केलं. आंघोळीचं पाणी गुलमोहराला, भांड्यांचं बुचाला. उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून चढ चढून डोक्यावरून दोन-दोन हंडे. आणि आक्का दर सोमवारी काठी टेकत वर यायच्या, पाहणी करायला आलेल्या मामलेदारासारख्या.

बूच पहिल्याच वर्षी माझ्या डोक्यावर गेला. दुसऱ्या वर्षी कौलाला लागला. मला वाटलं, हाच बाजी मारतो. दुपारी बारा वाजता त्याच्याखाली सूप ठेवलं, तर सुपाची एक कड उन्हात राहिली.

"येसू," आक्का म्हणाल्या, "ही झाड हाय का तारंचा खांब? सरकारला कळलं तर येऊन तार बांधतील गो."

"फुलं येतील, आक्का."

"फुलात काय बाज टाकू?"

पण तिसऱ्या कार्तिकात त्याला खरंच एक घोस आला. सकाळी खाली आठ-दहा फुलं पडली होती, लांब दांड्याची, चुन्यासारखी पांढरी. आक्कांनी वाकून दोन उचलली. इकडेतिकडे बघितलं आणि पदराच्या टोकाला बांधली. मी पाठ फिरवून शेण लावत बसले. विधवेनं फुलाचा वास घ्यायला कुणाची बंदी असते? पण आमच्यात त्या गोष्टी अशा पाठ फिरवूनच चालतात.

गुलमोहराची तऱ्हा वेगळी. पानं इतकी बारीक आणि देखणी की बघत राहावं, पण झाड नुसतं वर पळत होतं. मी त्याचं टोक मोडू देत नव्हते, आणि त्याला कुठे थांबावं ते कळत नव्हतं. बांबूइतका बुंधा, वर चार पिसं. सावली पडायची ती चाळणीतून सांडल्यासारखी.

"तोरा बघ," आक्का म्हणायच्या. "वाढतोय खरा. कुणासाठी वाढतोय कोण जाणे."

तिकडे बावीस पावलांची चौदा झाली होती. तिसऱ्या पावसाळ्यात आक्कांचा गोठा गेला, नशिबानं म्हैस बाहेर होती. पाऊस थांबल्यावर मी पुन्हा मोजलं. सहा. सहा पावलं म्हणजे बाई दारातून बाहेर पडली, चूळ भरली आणि वळली. मी हात जोडले, पाया पडले, यजमानांनी पत्र पाठवलं. आक्का म्हणाल्या, "सावली हुंदे." जणू नदी पण त्यांच्या सावलीची वाट बघत थांबणार होती. येत्या पावसाळ्याआधी ही बाई वर आली नाही तर पुढे तिला आणायला कुणी राहणार नाही, हे मला दिसत होतं. रात्री पडवीत पडल्यावर नदीचा आवाज यायचा आणि मी उठून बसायची.

त्या माघात माझ्या भाच्याचं लग्न निघालं, उमरठला, माझ्या माहेरी. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी परत येऊन उतारावरून वर बघते तर अंगणातून आरपार आभाळ दिसत होतं. बूच उभा होता. गुलमोहर नव्हता.

म्हणजे होता. बुंधा होता, माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्याच्यावर काही नाही. जिथून तोडला तिथे कुणीतरी शेणमातीचा गोळा थापला होता.

"चांगू!"

चांगू गोठ्यातून आला तोच कान धरून. "माझं काय नाय, वयनी. आक्कांनी सांगतलं. मी म्हनलो, वयनी जीव घेतील. तर त्या म्हनल्या, मी बघते. मंग त्यांनी—"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. पायांतली लग्नातली नवी वहाण तशीच ठेवून खाली गेले. आक्का दाढीवर कवळ अंथरत होत्या. ऐनाच्या राकट पानांत माझ्या गुलमोहराची पिसं ओळखू येत होती.

"आक्का, हे काय केलंत?"

"दाढ लावतेय. डोळं हायत ना?"

"माझं झाड तोडलंत!"

"शेंडा तोडला. झाड जाग्यावर हाय."

"अख्खा डोंगर पडलाय ऐनांचा, आणि तुम्हाला माझाच गुलमोहर दिसला?"

"चार फांद्या कमी पडत व्हत्या," त्या म्हणाल्या आणि एक फांदी पायानं दाबली.

मग माझा तोल गेला. तीन वर्षांचे हंडे माझ्या मानेत चढले. "तुम्हाला यायचंच नाही. कधीच यायचं नव्हतं. तसं तोंडानं सांगायचं होतं, मी पाणी तरी वाहिलं नसतं. आता बसा इथे नदीच्या उशाशी. मी नाही यायची पुन्हा बोलवायला."

आक्कांनी वर बघितलं. काही बोलतील असं वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पानी घालीत जा त्याला. बुंध्यात नको, हातभर लांबनं."

मला ती चेष्टा वाटली.

त्यानंतर तीन महिने आम्ही बोललो नाही. सोमवारची पाहणी बंद झाली. चांगूच्या हातून त्या अंडी पाठवायच्या, मी ताक पाठवायची. निरोप काही नाही. चार दिवस मी गुलमोहराला थेंब घातला नाही. पाचव्या दिवशी घातला. हातभर लांबून.

फाल्गुनात शेणमातीच्या गोळ्याखालून लाल टोकं फुटली. आधी पाच, मग पंधरा. मी बघून न बघितल्यासारखं करत होते, कारण राग ठेवायचा तर तो नीट ठेवायला हवा. पण ती टोकं वर जाईनात, आडवी निघाली, चहूकडे, छत्रीच्या काड्यांसारखी. चैत्रात त्यांना पानं आली. वैशाखात दर पान माझ्या हाताएवढं. एकेका काडीवर दहा-दहा. बूच शेजारी आपला सरळ उभा होता, त्याला या भानगडीत काही घेणं नव्हतं.

वैशाख संपत आला तेव्हा चांगू कौलं चाळायला आला. दुपारी बारा वाजता छपरावरून उतरला, तांब्याभर पाणी प्यायला आणि गुलमोहराखाली पाय पसरून बसला. मी पडवीतून बघत होते. त्याचं डोकं सावलीत होतं. खांदे सावलीत होते. पायाची बोटंही सावलीत होती. आणि चांगू काही आखूड माणूस नाही.

मी रिकामा हंडा उचलून त्याच्याजवळून गेले, उगाचच. हंडा डोक्यावर होता. कुठेही लागला नाही.

"बराबर माप हाय," चांगू खालून म्हणाला.

"कसलं माप?"

"आक्कांनी घेतलेलं. तवा सांगतच व्हतो, तुमी ऐकून कुठं घेतलंत? त्यांनी तुमचा हंडा घेतला, भरलेला हां, डोक्यावर ठिवला, नि ह्या बुंध्याला चिकटून उभ्या ऱ्हायल्या. मला म्हनल्या, हंड्याच्या वर चार बोटं सोड नि मंग तोड. म्हनल्या, उद्या मी हितनं पानी नेईन-आनीन, फांदी आडवी आली तर रोज कोन वाकंल? ऐनाचा शेंडा मारला की कसा पसरतो, तसा ह्यो पसरंल. येसूच्या हातनं कोयती चालायची नाय, म्हनल्या, ती गावाला गेलीय तवर करू."

"मग कवळ म्हणून का सांगितलं मला?"

"कवळ झालीच की. टाकून देतात व्हय?"

मी हंडा तिथेच ठेवला. चांगू म्हणतो, मी काहीतरी बोलले, पण मला आठवत नाही. मला उतार आठवतो, तापलेली वाट आठवते, आणि अर्ध्यात लक्षात आलं की आज पायांत वहाण नाही.

आक्का मागल्या दारात बसल्या होत्या. मी धापा टाकत समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"पोळलं का?"

"आक्का, चला."

"बस आधी. पानी पी."

पाणी घ्यायला मी आत गेले आणि दारातच थांबले. घर बांधलेलं होतं. म्हणजे गाठोड्यात. घोंगड्या, भांडी, देवांचे टाक, मिठाची बरणी, सगळं दोऱ्यांनी आवळून भिंतीशी लावलेलं. बाहेर एक पातेलं आणि एक ताटली, तेवढी चालू.

"हे कधी बांधलंत?"

"शिमग्याच्या आदी."

"आणि मग अडीच महिने…?"

"तू बोललीस, बोलवायला यायची नाय. मंग कशी येणार? रागावलेल्या बाईच्या घरात गाठोडं घेऊन उभं ऱ्हायचं माझं वय हाय का आता?" मग नदीकडे बघत म्हणाल्या, "रोज वाटंकडं बघत व्हते. म्हनलं, पावसाआदी हिचा राग उतरूंदे रे देवा. नायतर हिला जल्मभर टोचंल."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. हसू आलं की रडू ते सांगता येत नाही, दोन्ही एकाच नाकातून आलं. इतके दिवस मी नदीला शिव्या घालत होते, आणि त्यांना खाली अडकवून ठेवलं होतं माझ्या तोंडानं.

"आक्का, मला सांगायचं तरी होतं, शेंडा का तोडला ते."

"ऐकलं असतंस? तू वरडत व्हतीस, मी दाढ लावत व्हते. दोनी कामं येका टायमाला कशी व्हनार?"

त्याच संध्याकाळी बिऱ्हाड हललं. चांगूनं बाज डोक्यावर घेतली, मी देव आणि भांडी. आक्कांनी कोंबड्यांची टोपली दुसऱ्या कुणाला देऊ केली नाही. चढावर त्या तीनदा थांबल्या आणि तिन्ही वेळा कोंबड्यांना दम लागलाय असं म्हणाल्या. वर आल्यावर गुलमोहराखाली उभ्या राहून त्यांनी मान वर केली, एक फांदी हातानं खाली ओढून सोडली, आणि "हं," म्हणाल्या. तेवढंच. मग बुचाकडे वळल्या. मला वाटलं, आता त्याची पाळी.

"ह्याला ऱ्हाऊंदे," त्या म्हणाल्या. "कुनीतरी नुसतं उभं ऱ्हायला पन लागतं."

यजमानांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या बागेत हे काम हेडमाळी स्वतः करतो, आम्हाला हात लावू देत नाही, तरी वहिनींना विचारणे, कापल्यावर शेणमातीत राख घातली होती की नाही. आक्कांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला लिव, इचारायचं असंल तर हितं ये म्हनावं. पत्रात नाय सांगायची."

आषाढाच्या मध्यावर एक दिवस चांगू दुपारचा भिजत आला. घोंगडीच्या खोळीतून पाणी गळत होतं. दारातच उभा राहून सांगू लागला. खालच्या घराची मागली भिंत गेली. त्यामागून स्वयंपाकघर. काठ आता माजघरात आलाय.

माझ्या हातातली परात खाली ठेवायचं मला सुचेना. आक्का भिंतीला टेकून वालाचं बिरडं सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कौलं काढली व्हतीस?"

"काढली. सगळी. हितल्या पडवीत लावून ठिवलीत."

"मंग जाऊंदे," आक्का म्हणाल्या. आणि पुढचा दाणा सोलताना, "येसू, उभी काय ऱ्हायलीस अशी? चांगूला चहा टाक. भिजलाय तो."

घर माझं, चूल माझी, आणि हुकूम त्यांचा. मी चुलीकडे वळले. लक्ष नदीकडे होतं, त्यामुळे चहात गुळाचा खडा मोठाच पडला. चांगू म्हणाला, आज चहा झकास झालाय. आक्का म्हणाल्या, गोड झालाय, नि आपला कप पुढे केला.